गच्चीवर तीनशे व्होल्ट!

पॅनलचा ब्रँड विचारलात, सबसिडी विचारलीत, ईएमआयही काढलात. पण वायर कोणी जोडली? सोलरची आग बहुतेकदा तिथूनच सुरू होते.

सध्या सोलरचा सीझन जोरात आहे. लंच टेबलवर कालपर्यंत म्युच्युअल फंडांवर बोलणारी मंडळी हल्ली ‘किती किलोवॅट बसवलास?’ असं विचारताना दिसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ आली, एक कोटी घरांवर सोलर बसवायचं टार्गेट ठरलं आणि तीन किलोवॅटच्या सिस्टीमला ७८ हजार रुपयांची सबसिडी जाहीर झाली. मग काय! पुण्या-मुंबईत नोकरी करत वन बीएचकेत राहणाऱ्या मुलामुलींना एकदम गावाकडच्या घराची मोकळी गच्ची आठवली. सांगलीला, नाशिकला, अकोल्याला आई-बाबा आहेत, त्यांचा फ्रिज, पंखे, पाण्याची मोटर चालू आहे आणि बिल काही थांबत नाही. आपण इथून पोर्टलवर फॉर्म भरायचा, व्हेंडरशी फोनवर बोलायचं, पैसे ट्रान्सफर करायचे. बाबांनी माणसांना चहा पाजायचा आणि दाखवतील तिथे सही करायची. थोड्याच दिवसांत गच्चीवर चकचकीत पॅनल उभी आणि फॅमिली ग्रुपवर फोटो हजर.

या सगळ्या खरेदीत विचारले जाणारे प्रश्नही ठरलेले. पॅनल कुठल्या कंपनीचं, वॉरंटी किती वर्षांची, पैसे किती वर्षांत वसूल. भर उन्हात गच्चीवर उकिडवा बसून दोन वायरींची टोकं जोडणारा मुलगा कोण आहे, त्याच्या हातात कुठलं टूल आहे, हे विचारायचं कोणालाच सुचत नाही. साहजिक आहे म्हणा. पॅनलचा फोटो येतो. जॉइंट मात्र पॅनलच्या पोटाखाली, अंधारात असतो.

आधी भीती थोडी कमी करू

त्याच फॅमिली ग्रुपवर कधीतरी जळत्या छपराचा एक व्हिडिओही येतो. कुठला, कधीचा, काही पत्ता नाही. खाली काकांचा मेसेज : ‘म्हणून मी सांगत होतो, सोलर नको.’ काकांना उत्तर द्यायचं असेल, तर जर्मनीचा आकडा हाताशी ठेवा. जर्मनी या बाबतीत आपल्यापेक्षा बरीच वर्षं पुढे आहे. तिथल्या फ्राउनहोफर सोलर संशोधन संस्थेने देशातल्या सोलर आगींचा हिशेब मांडला, तेव्हा तिथे तेरा लाखांच्या आसपास सिस्टीम होत्या. सोलरमुळेच आग लागून मोठं नुकसान झालं, अशांचं प्रमाण निघालं ०.००६ टक्के. म्हणजे लाखात सहा.

तेव्हा सोलर म्हणजे छपरावर ठेवलेला बॉम्ब वगैरे काही नाही. पण हा आकडा जर्मन वायरमनचा आहे, हेही विसरू नका. आपल्या गच्चीवर तो आपोआप लागू होत नाही. शिवाय जिथे जिथे अशा आगींचा नीट तपास झाला, तिथे बोट बहुतेक वेळा पॅनलच्या काचेकडे गेलेलं नाही. ढिला स्क्रू, अर्धवट बसलेला कनेक्टर, पाणी शिरलेला स्विचचा डबा, असंच काहीतरी सापडलं. ब्रिटनमध्ये बीआरई या संस्थेने सोलर आगींचा अभ्यास केला, त्यातही यादीत वरच्या नंबरावर डीसी आयसोलेटर म्हणजे डीसी बाजूचा मेन स्विच होता. अमेरिकेत वॉलमार्टच्या सात स्टोअरच्या छपरांवर आगी लागल्या म्हणून कंपनीने ऑगस्ट २०१९ मध्ये टेस्लाला कोर्टात खेचलं, तेव्हाही मुख्य आरोप निष्काळजी इन्स्टॉलेशन आणि मेंटेनन्सचा होता. नोव्हेंबरमध्ये दोघांनी ते प्रकरण आपसात मिटवून टाकलं.

झोपाळा आणि धार

आता थोडं फिजिक्स. घाबरू नका, बारावीचे मार्क कोणी विचारणार नाही.

घरातल्या सॉकेटमध्ये येते ती एसी वीज. ती झोपाळ्यासारखी आहे. सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते आणि झोपाळा जसा टोकाला क्षणभर थांबतो, तशी ही सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. स्विच बंद करताना आत छोटीशी ठिणगी उडते. पण वीज शून्यावर आली की त्या ठिणगीचा जीवच जातो. पॅनलमधून निघते ती डीसी. नळाची सलग धार. तिला ना टोक, ना थांबा. त्यामुळे डीसीच्या वायरीत कुठे बारीकशी फट पडली, तर ठिणगी ती फट ओलांडून तशीच जळत राहू शकते. याला म्हणतात आर्क. ग्रिलच्या वर्कशॉपबाहेर वेल्डिंगचा निळा-पांढरा लखलखाट पाहिलाय ना? तो आर्कच. त्याचं तापमान हजारो अंशांत असतं. लोखंड वितळवणाऱ्या त्या ठिणगीपुढे प्लॅस्टिकच्या डब्याची काय कथा!

बरं, व्होल्टेज किती? गावाकडच्या घरावर साधारण तीन किलोवॅटची सिस्टीम बसते. हल्लीची ५४० वॅटची सहा पॅनल घ्या. एका पॅनलचं व्होल्टेज पन्नासच्या आत-बाहेर. सहा पॅनल एकामागे एक मालिकेत जोडली की झाले जवळपास तीनशे व्होल्ट डीसी. ही वायर गच्चीवरून भिंतीच्या कडेने खाली उतरते आणि जिन्याखालच्या इन्व्हर्टरमध्ये जाते. बाबांची स्कूटरही तिथेच उभी असते.

आता यातली खरी गोम. घरात शॉर्टसर्किट झालं की करंट एकदम कितीतरी पटीने वाढतो, एमसीबी ‘टक्’ करून पडतो आणि आपण वाचतो. सोलरमध्ये हा हिशेब जमत नाही. ५४० वॅटचं पॅनल भर उन्हात तेरा अँपिअरच्या आसपास करंट देतं. त्याच्या दोन वायरी थेट एकमेकींना चिकटवल्या, तर? फार तर चौदा! पॅनलकडे त्याहून जास्त द्यायला नसतंच. पंधरा-वीस अँपिअरच्या फ्यूजला वाटतं, सगळं छान चाललंय. आग लागलेली असते आणि फ्यूज शाबूत.

दुसरी गोम म्हणजे ही वीज बंद होत नाही. खालचा मेन स्विच पाडा, महावितरणची लाइन जाऊ द्या. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाइन गेल्यावर स्वतःहून थांबतो (म्हणूनच लोडशेडिंगमध्ये सोलर असूनही घरात अंधार होतो आणि बाबा व्हेंडरला फोन लावतात). पण गच्चीपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या वायरीत ते तीनशे व्होल्ट उभेच असतात. ऊन आहे तोवर पॅनल चालू. त्याचा स्विच सूर्याकडे. आणि खिशातला निऑनचा टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, हा नियमही डीसीच्या वायरीला लागू नाही.

अंगठ्याएवढी वस्तू

पॅनलच्या मागून दोन काळ्या वायरी निघतात आणि त्यांच्या टोकांना अंगठ्याएवढे काळे कनेक्टर असतात. एकात एक सरकवायचे, ‘क्लिक’ आवाज आला की झालं. यांना सगळे एमसीफोर म्हणतात. एमसी म्हणजे मल्टी-कॉन्टॅक्ट, मूळची स्विस कंपनी, आता ती श्टॉयब्ली या नावाने चालते. चार म्हणजे आतल्या पिनचा चार मिलिमीटर व्यास. झेरॉक्स, डालडासारखं हे नावही आता सगळ्यांचंच झालंय. बाजारात ‘एमसीफोर कम्पॅटिबल’ म्हणून कितीतरी कंपन्यांचे कनेक्टर मिळतात. वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन कनेक्टर एकमेकांत सहज बसतात, क्लिकही होतात.

आणि तिथेच घात होतो. बाहेरून जुळलेल्या या जोडीची आतली पिन, तिच्यावरचा धातूचा मुलामा, रबरी सीलची जाडी यातलं काहीही जुळलेलं असेलच असं नाही. दिवसा तापायचं, रात्री गार व्हायचं, पावसात भिजायचं, असं वर्षभर झालं की पकड सैल होते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मानकांत स्पष्ट अट आहे की जोडीतले दोन्ही कनेक्टर एकाच कंपनीचे आणि एकाच प्रकारचे हवेत. पॅनलवरचे कनेक्टर फॅक्टरीतून लागूनच येतात. भानगड होते ती गच्चीवर वायर लांबवताना. तिथे व्हेंडरच्या पिशवीत त्या दिवशी जो असेल तो कनेक्टर लागतो.

तो लावायचा कसा, हीसुद्धा एक कलाच. वायरीचं टोक सोलायचं, तांब्याच्या तारा पिनमध्ये घालायच्या आणि क्रिंपिंग टूलने दाबायच्या. या टूलमध्ये योग्य मापाची खाच असते आणि पूर्ण दाब बसल्याशिवाय ते सुटतच नाही. मिनिटभराचं काम. पण टूल गाडीत राहिलं असेल, संध्याकाळ होत आली असेल, पुढची साइट वाट बघत असेल, तर हाताशी पक्कड असतेच. पक्कडीने दाबलेली पिन पहिल्या दिवशी उत्तम चालते. ॲपवर युनिट दिसतात, फोटो जातो, पेमेंट होतं.

नंतर काय होतं, त्याचं गणित सोपं आहे. चांगल्या जॉइंटला रोध इतका कमी असतो की तेरा अँपिअर वाहताना तिथे वॅटच्या दहाव्या भागाएवढीही उष्णता तयार होत नाही. तो रोध वाढत वाढत ०.१५ ओहमवर गेला की तिथे पंचवीस वॅट उष्णता. रेडिओ रिपेअरवाल्याकडची छोटी सोल्डरिंगची सळई साधारण तेवढ्याच ताकदीची असते. म्हणजे अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या पोटात एक तापलेली सळई, रोज दुपारी तासन् तास. प्लॅस्टिक मऊ पडतं, काळं होतं, पिन सरकते, फट पडते. आणि मग वेल्डिंग सुरू.

ऑस्ट्रेलियाचा डबा

आता एक गोष्ट ऑस्ट्रेलियाची. या विषयात मला सर्वांत शिकण्यासारखी वाटली ती हीच.

घरावरच्या सोलरमध्ये ऑस्ट्रेलियाचा हात धरणारं कोणी नाही. जवळपास दर तिसऱ्या घरावर पॅनल आहेत आणि २०२४ मध्ये तिथे अशा छपरांचा आकडा चाळीस लाखांवर गेला. (मेलबर्न-सिडनीत आपली मराठी मंडळीही खूप. तुमचा मावसभाऊ तिकडे असेल तर त्याला हा प्रकार बहुधा माहीत असेल.) २०१२ च्या सुमारास तिथल्या तज्ज्ञांनी विचार केला : आग लागली, तर फायर ब्रिगेडच्या माणसाला छपरापासून खाली येणारी वायर तोडता आली पाहिजे. विचार चुकीचा नव्हता. म्हणून मानकात नियम आला की पॅनलच्या अगदी शेजारी, छपरावरच, एक डीसी आयसोलेटर हवा. प्लॅस्टिकच्या डब्यातला एक फिरता स्विच. लाखो घरांवर असे डबे लागले.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. छपरावर, ऊन-पावसात, एक प्लॅस्टिकचा डबा. त्यात वायर आत-बाहेर नेण्यासाठी भोकं. जिथे पूर्वी दोन वायरी अखंड जात होत्या, तिथे आता स्क्रूखाली दाबलेले चार नवे जॉइंट. कोणी भोकाचा ग्लँड नीट आवळला नाही, कोणी वायर डब्याच्या वरच्या बाजूने आत घेतली. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ झालं, फटीतून पाणी शिरलं, टर्मिनल गंजले, तापले आणि आर्क सुरू झाला. ज्या डब्याने आगीत वाचवायचं, तोच आगी लावू लागला. सरकारी तपासण्यांमध्ये असुरक्षित ठरणाऱ्या सिस्टीममध्ये पाणी शिरलेला आयसोलेटर पुन्हा पुन्हा सापडत राहिला आणि फायर ब्रिगेडवाल्यांचंही बोट याच डब्याकडे जाऊ लागलं. अखेर २०२१ च्या नव्या आवृत्तीत छपरावरच्या आयसोलेटरची सक्ती काढून टाकण्यात आली. पण चूक उमगली म्हणून लाखो छपरांवरचे जुने डबे काही एका रात्रीत उतरत नाहीत.

अमेरिकेने दुसरा रस्ता धरला. त्याचं नाव रॅपिड शटडाउन. तिथल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये २०१४ मध्ये हा नियम आला आणि २०१७ मध्ये आणखी कडक झाला. स्विच दाबल्यावर तीस सेकंदांत पॅनलच्या घोळक्यातलं व्होल्टेजसुद्धा ऐंशीच्या आत यायला हवं. त्यासाठी बहुतेक वेळा प्रत्येक पॅनलच्या मागे एक छोटं इलेक्ट्रॉनिक यंत्र लावतात. फायरमनच्या दृष्टीने उत्तमच. पण प्रत्येक यंत्राबरोबर कनेक्टरच्या जोड्या वाढतात, हे ऑस्ट्रेलियाचं उदाहरण पाहिल्यावर नजरेआड करता येत नाही. पॅनलच्या मागेच डीसीचं एसी करणारे मायक्रोइन्व्हर्टर हा आणखी एक पर्याय. त्यात तीनशे व्होल्टची लांबलचक डीसी वायरच उरत नाही. महाग पडतात, पण लाकडी छपराच्या, कौलारू किंवा जुन्या वाड्यासारख्या घरावर सोलर बसवणार असाल, तर माझं मत त्यांच्या बाजूने.

आपल्याकडचा पाऊस आणि आपल्याकडचा एमसीबी

ऑस्ट्रेलियात जे पाण्याने केलं, ते करायला आपला पाऊस चार महिने येतो. कोकणात तर विचारूच नका. भिंतीवरचा डीसीडीबी म्हणजे फ्यूज आणि सर्ज प्रोटेक्टरचा डबा एकदा नुसता पाहा. वायर खालून आत जातेय का? भोकाला ग्लँड आहे की सिलिकॉनचा गोळा थापलाय? वायर डब्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोल दिलाय का, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशीच टपकेल? यातलं काहीही बघायला इंजिनीअर असावं लागत नाही.

डबा उघडल्यावर आत काय सापडतं, तो अजून एक विषय. डीसीच्या बाजूला घरगुती एसीचा एमसीबी लावणं हा शुद्ध जीवघेणा काटकसरीपणा आहे. एसीचा एमसीबी त्या शून्याच्या क्षणावर विसंबून ठिणगी विझवतो आणि डीसीत तो क्षण येतच नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, पण त्यावर ‘डीसी’ आणि व्होल्टेज छापलेलं असतं, ते वाचा. काही डीसी एमसीबींना तर प्लस-मायनसची दिशाही असते. उलटे जोडले, तर ऐन वेळी ठिणगी विझवण्याऐवजी स्वतःच पेटतात.

आणि आता सर्वांत उपयोगाची गोष्ट. पावसाळ्यात सकाळी सकाळी बाबांचा फोन येतो, ‘इन्व्हर्टरवर लाल दिवा लागलाय रे.’ स्क्रीनवर ‘आयसोलेशन फॉल्ट’ किंवा ‘इन्सुलेशन लो’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. दहा-अकराला ऊन पडतं, दिवा हिरवा होतो, सगळे विसरतात. व्हेंडरही सांगतो, ‘काही नाही काका, बंद करून चालू करा.’ नाही! तो मेसेज म्हणजे कुठेतरी वायरीचं कव्हर सोललंय किंवा कनेक्टरमध्ये ओल शिरलीय आणि वीज पॅनलच्या फ्रेममधून, स्ट्रक्चरमधून जमिनीकडे गळतेय. उन्हाने ओल सुकली म्हणून मेसेज गेला. वायर सोललेली ती सोललेलीच. इन्व्हर्टर दरवर्षी पावसाळ्यात इतकं ओरडून सांगत असतो आणि आपण त्याला रीस्टार्ट करतो. कुठल्याही सकाळी असा मेसेज दिसला, तर त्याचा फोटो काढून ठेवायला आई-बाबांना सांगा आणि तो व्हेंडरला लेखी पाठवा.

चहा पाजण्याआधी

कोटेशन आल्यावर घासाघीस आपण पॅनलच्या भावावर करतो. व्हेंडर हसतो आणि भाव कमी करतो. पॅनलची किंमत तर त्याच्या हातात नसते. मग तो कमी कुठून करतो? वायर, कनेक्टर, अर्थिंग आणि मजुरी. तेव्हा पाच हजार कमी करून घेतल्याचा आनंद जपून साजरा करा.

त्यापेक्षा बोलणीच वेगळी करा. छपरावरची वायर सोलरसाठीचीच हवी, तिच्यावर ‘आयएस १७२९३’ किंवा ‘ईएन ५०६१८’ छापलेलं हवं. ही वायर ऊन सोसते. साधी घरगुती वायर काही वर्षांत तडकते. कनेक्टर कुठल्या कंपनीचे वापरणार आणि ते पॅनलवरच्या कनेक्टरशी कसे जुळणार, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. क्रिंपिंग टूलचा फोटो मागा. विचित्र वाटेल, पण मागा. जो व्हेंडर चांगलं काम करतो, त्याला असा प्रश्न विचारणारा गिऱ्हाईक भेटल्यावर उलट बरं वाटतं. पॅनल बसल्यावर त्यांच्या खालच्या बाजूचे फोटो हवेत. वायरी गच्चीच्या फरशीवर लोळत नाहीत ना, कनेक्टर डबक्यात बुडत नाहीत ना, सगळं फ्रेमला नीट बांधलंय ना. आणि एक आकडा मागून घ्या : इन्सुलेशन रेझिस्टन्स. तीनशे व्होल्टच्या सिस्टीमची ही टेस्ट मेगरने ५०० व्होल्टवर करतात आणि वाचन किमान एक मेगाओहम यायला हवं. दहा मिनिटांची टेस्ट. व्हेंडरला ती माहीतच नसेल, तर तुम्हाला व्हेंडरबद्दल बरंच काही कळलं.

अर्थिंगचे खड्डे साधारण तीन असतात : डीसी, एसी आणि वीजरोधकाचा वेगळा. तेही मोजा.

बसवून झाल्यावर वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, कोणीतरी स्क्रू तपासावेत आणि भर उन्हात सिस्टीम चालू असताना थर्मल कॅमेऱ्याने कनेक्टर पाहावेत. बिघडणारा जॉइंट त्या कॅमेऱ्यात दिव्यासारखा उठून दिसतो. मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट म्हणजे नुसती पॅनल धुणं नव्हे, पण बहुतेक ठिकाणी तेवढंच होतं.

गच्चीवर आणखी कोण राहतं?

आपल्याकडे गच्ची रिकामी कधीच नसते. मोडका कूलर, रद्दीचे गठ्ठे, जुन्या गाद्या, रंगाचे डबे, नारळाच्या झावळ्या. उंच स्ट्रक्चरवर पॅनल बसवली की खाली आयती सावली मिळते आणि सगळा संसार तिथे सरकतो. वरून एखाद्या कनेक्टरचं वितळलेलं प्लॅस्टिक टपकलं आणि खाली कोरी फरशी असली, तर काळा डाग पडून प्रकरण संपू शकतं. खाली गाद्या असल्या, तर नाही. पॅनलच्या मागे पारव्यांची घरटी होतात. वाळक्या काड्या थेट कनेक्टरला टेकलेल्या. उंदीर-खारी वायर कुरतडतात. आई वायरीच्या पाइपला दोरी बांधून कुरडयांच्या वाळवणावरचा पंचा ताणते. आईला दोष नाही, तिला कोणी सांगितलेलंच नसतं. दिवाळीतले रॉकेट तर कुठे पडतील याचा नेम नाही. पॅनलच्या मागची काडी-कचऱ्याची जागा दिवाळीआधी साफ हवी.

बॅटरीवालं सोलर असेल, तर थोडं आणखी. जुन्या पद्धतीची पाण्याची म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. अनेक घरांत ती नेमकी देवघराच्या खाली असते आणि वर समई. तिथून हलवा. लिथियम घेणार असाल, तर लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची घ्या. ती दुसऱ्या लिथियम प्रकारांपेक्षा तापण्याला जास्त दाद देत नाही. कुठलीही घेतलीत, तरी ती बेडरूममध्ये किंवा बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर नको. आता जिन्याखालची ती जागा आठवा.

आणि आग लागलीच तर

समजा दुपारी दोन वाजता इन्व्हर्टरमधून जळकट वास आला. घरात आई-बाबा दोघंच. तुम्ही मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर. त्यांना काय माहीत असायला हवं?

धूर दिसत नसेल, जवळ जाता येत असेल, तर आधी एसी बाजूचा स्विच बंद, मग डीसीचा. क्रम महत्त्वाचा. लोड चालू असताना कनेक्टर हाताने उपटायचा तर अजिबातच नाही. तिथेच आर्क उठतो आणि हात भाजतो. धूर किंवा ज्वाळा असतील, तर स्विचच्याही नादी लागायचं नाही, बाहेर पडायचं. बादलीभर पाणी फेकणं ही आपली पहिली सवय, पण तीनशे व्होल्ट अजून चालू आहेत. जिन्याजवळ ड्राय पावडरचा सिलेंडर ठेवला असेल, तर छोट्या आगीला तो चालतो. गच्चीवर चढून पॅनलवर चादर टाकायचे प्रयोग सांगणारे व्हिडिओ आहेत. ते बाबांना पाठवू नका.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठीही एक प्रश्न. सोसायटीच्या लिफ्ट आणि पंपासाठी टेरेसवर सोलर असेल, तर तिथलं व्होल्टेज तीनशेच्या कितीतरी वर असू शकतं. टेरेसची किल्ली कोणाकडे असते? डीसीचा स्विच कुठे आहे, हे रात्रपाळीच्या वॉचमनला माहीत आहे का? पुढच्या जनरल बॉडीत पार्किंगच्या भांडणाआधी एवढं विचारून घ्या.

मीटरच्या शेजारी एक कागद चिकटवा, प्लॅस्टिकमध्ये घालून. मोठ्या मराठी अक्षरांत : एसी स्विच कुठला, डीसी स्विच कुठला, वायर कुठून कुठे जाते, व्हेंडरचा नंबर, फायर ब्रिगेडचा १०१, नाहीतर ११२. आणि त्याखाली, फोनवर सांगायचं पहिलं वाक्य : ‘गच्चीवर सोलर आहे, वायरीत वीज चालू आहे.’ शिडी लावून वर चढणाऱ्या माणसाला ते खालूनच कळलेलं बरं.